सोमारीचं कुरमाघर

सोमे,

तुला मातीत ठेवलं तेव्हा मला कोणी जवळ येऊ दिलं नाही. निरोप मिळाल्याबरोबर मी वडशाकडून चालत निघाले. टोंगळ्यापर्यंत धूळ, चपलेचा अंगठा तुटलेला, आणि शिवेवरच तुझ्या काकानं हात आडवा केला. "बाई, तुमी इथीच राहा." बाई म्हणाला बरं का! शाळेत शिकवते म्हणून बाई, आणि महाराची म्हणून इथीच. मी मोहाच्या झाडाखाली उभी राहिले आणि लांबून तुझ्यावर माती पडताना पाहिली. रडले नाही. इतकी चिडले होते की रडू आलंच नाही. अजूनही तो राग उतरत नाही. तुझ्या गावावर आहे, त्या मास्तरावर आहे, त्या मेल्या कुरमाघरावर, विटाळाच्या त्या झोपडीवर आहे, आणि खरं सांगू, तुझ्यावरही आहे. काय घाई होती गं मरायची? आपलं भांडण अर्ध्यावर होतं.

हे मी पुस्तकी भाषेत लिहितेय म्हणून तू हसशील. "वच्छी मास्तरीन झाली, तोंड वाकडं करून बोलून राह्यली," म्हणशील. म्हण. ही भाषा मला कोणामुळं आली ते तुला ठाऊक आहे. तू नसतीस तर मी अजून बापाच्या मागाशी बसून कांड्या भरत असते.

तीन पोरी होतो आपण त्या शाळेत. मालगुजाराची कुसुम, तू आणि मी. मालगुजारी सरकारनं काढून घेतली होती म्हणे, पण मालगुजार कुठं गेला होता? त्याचा वाडा तिथंच, त्याचा दरारा तिथंच, आणि त्याची पोर मास्तराच्या टेबलाशेजारी स्वतःच्या सतरंजीवर. मधे टाटपट्टीवर पोट्टे. तू सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून, उघड्या जमिनीवर, कारण तू गोंडाची. आणि मी बाहेर ओसरीवर, जिथून अर्धाच फळा दिसायचा. सकाळी पोट्टे हुतुतू खेळायचे आणि आपण दोघी शाळा सारवायचो. तू आतून, मी अंगण. कुसुम जमीन वाळल्यावर यायची. शेण मीच गोळा करून आणायची, त्या शेणाला विटाळ नव्हता. पण त्याच शेणानं सारवलेल्या जमिनीवर मी पाय ठेवला असता तर शाळा बाटली असती. मास्तराचं पाणी भरायचं, मास्तराची भांडी घासायची, मास्तरीणबाईचं पोर खेळवायचं, हे सगळं तुझ्याकडं. त्यातून वेळ उरला तर शिक्षण.

मास्तर नागपूरकडचा. जंगलात बदली झाली याचा त्याला असा काही संताप होता की जणू झाडं आपणच लावली होती. तो संताप तो तुझ्या अंगावर काढायचा. तुला मराठी समजायची, पण घाबरलीस की तोंडातून गोंडी निघायची. त्यानं काही विचारलं आणि येत नसलं की तू "हिल्ले" म्हणायची. नाही, एवढंच. आणि त्या "हिल्ले"वर फोक. तो फोक तो तुझ्याकडूनच तोडून आणवायचा! "जंगलातली आहेस ना? जा, चांगला ओला बघून आण." तू जायची, आणायची आणि त्याच्या हातात द्यायची. मी ओसरीवरून बघायची. तुझ्या पोटऱ्यांवर वळ उठायचे, हाताची बोटं अशी सुजायची की तुला लेखणी धरता यायची नाही. पोट्ट्यांनाही तो मारायचा, नाही असं नाही. पण पोट्टा रडला की थांबायचा. तू रडत नव्हतीस. मी तुला सांगायची, "रड ना वो बह्याडे, थांबते तो." तू म्हणायची, "काऊन रडू? त्याले मजा येते."

आणि आता तुझ्यावरचा राग ऐक, मेलीस म्हणून सोडणार नाही. शाळेच्या माठाला मला हात लावता येत नव्हता. तू वरून पाणी ओतायची, मी ओंजळीनं प्यायची. ठीक. पण माझ्या हातचं पाणी तू प्यायची का? कधीच नाही. मास्तर तुला रानटी म्हणायचा, कुसुम नाक धरायची, आणि तरी माझ्यापेक्षा तू वरची होतीस. तुझ्या आईनंच शिकवलं होतं तुला. त्या शाळेत सगळ्यांच्या पायाखाली तू, आणि तुझ्या पायाखाली मी.

मग कुसुम शहाणी झाली. आठवतं? वाड्यावर वाजंत्री, पोरीला नवं पातळ, गावभर साखर. ती घराबाहेर पडेना तर मास्तर रोज संध्याकाळी वाड्याच्या पडवीत जाऊन बसायचा. पडद्याआड ती, पडद्याबाहेर हा, आणि गणितं चालू. तिचा एक धडा बुडू दिला नाही त्यानं.

तुझी पाळी आली तेव्हा वाजंत्री नव्हती. तुझ्या आईनं तुला गावाबाहेर कुरमाघरात नेऊन बसवलं. गवताची एवढीशी झोपडी, उभं राहिलं तर डोकं लागायचं, खाली तणीस, भाताचा पेंढा. तिथं कोणी शिवायचं नाही, तू गावातून चालायचं नाही, आई भाकर लांबून ठेवून जायची. तेवढे दिवस तुझी शाळा बंद. मास्तर हजेरीत गैरहजर लिहायचा आणि परत आलीस की त्याबद्दल मार. त्याला कोणीतरी सांगितलंही होतं. तो म्हणाला, "ही सगळी कामचुकारांची सोंगं."

शाळा सुटली की मी तिकडं यायची. धडा, पाढे, शुद्धलेखन, जे अर्ध्या फळ्यावर दिसलं असेल ते. तू आत, मी दाराशी. तुझ्या माणसांनी मला हाकललं नाही. तुला शिवायचं नव्हतं, मला शिवायचं नव्हतं, मग अशा दोघी एकमेकींजवळ बसल्या तर कोणाचं काय जातं? पहिल्याच वेळी तू माझ्या तुंब्याकडं हात केलास. "दे वो पाणी." मी बघतच राहिले. "माह्या हातचं?" "आता मी बी तुह्यावानीच," तू म्हणालीस आणि घटाघटा प्यायलीस. मला काय आनंद झाला! मी वेडी, मला वाटलं सुटलं आता. तू आंघोळ करून शाळेत आलीस, मी हौसेनं तुंबा पुढं केला आणि तू मान हलवलीस. हिल्ले. माझं डोकंच फिरलं. मी तुझी वेणी धरून ओढली, मुद्दाम शिवले तुला, दोन्ही हातांनी. तू मला ओसरीखाली ढकललंस, माझं कोपर फुटलं, तुझा ओठ फाटला. मास्तरानं दोघींनाही फोडून काढलं, मला शिवली म्हणून आणि तुला शिवून घेतली म्हणून. पुढच्या वेळी कुरमाघरात तू परत पाणी मागितलंस आणि मी परत दिलं. मी म्हणाले, "ही झोपडी जाळून टाकली पायजे." तू म्हणालीस, "काऊन? इथीच त कोणी मारत नाई." आपलं भांडण तिथून सुरू झालं.

चौथीच्या वर्षी डिप्टीसाहेब तपासणीला येणार होते. शाळेत पोरी किती, हे ते बघणार होते, आणि मास्तराला जंगलातून सुटायचं होतं. कुसुम तेवढ्या दिवसापुरती वाड्यातून नटून आली. मी धुतलेलं लुगडं नेसून ओसरीवर. तू कुरमाघरात. मास्तरानं मला पिटाळलं, "जा, तिला घेऊन ये." मी म्हटलं, "गुरुजी, तिले येता येत नाई." एक थोबाडीत बसली आणि तो स्वतः निघाला. गाव बघत होतं. गावाबाहेरच्या त्या झोपडीत कोणा पुरुषानं कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तो वाकून आत शिरला आणि तुला केसाला धरून बाहेर ओढलं. फरफटत आणलं, देवाच्या ठाण्यापुढून, विहिरीपुढून, भर रस्त्यानं. बायांनी पदर तोंडात घातले. माणसं ओरडत घरात पळाली, ती टंग्या, कुऱ्हाडी आणायला.

शाळेच्या अंगणात तू पाय रोवलेस. आत जाईना. "आत हो!" "हिल्ले." त्यानं फोक उचलला. पाठीवर, पोटऱ्यांवर, हातावर, कुठंही. तू म्हणून राह्यली होतीस, "शाळा बाटते, गुरुजी, शाळा बाटते." अगं, ज्या शाळेनं तुझी साल सोलली तिला तू बाटू देत नव्हतीस! फोक मोडला. त्यानं कुंपणाची काठी उपसली. मी मधे गेले, काठी माझ्या खांद्यावर बसली, माझ्या काखेतली पाटी खाली पडली. तू ती उचललीस. दगडी पाटी, लाकडी चौकट. दोन्ही हातांनी धरून तू ती त्याच्या कपाळावर अशी हाणलीस की चौकट सुटून पाटीचे तुकडे झाले. तो खाली बसला, डोळ्यांत रक्त. कुसुम किंचाळत होती. मी काय करत होते सांगू? मी हसत होते. खांदा हलत नव्हता आणि मी हसत होते.

मग तुझी माणसं आली. मला वाटलं आता मास्तर मेला. पण मालगुजार धावत आला, मधे उभा राहिला, आणि टंग्या खाली झाल्या. त्याला मारता येईना म्हणून मग त्यांनी तुला धरलं. विटाळशी गावातून चालली, देव कोपणार. चालली! तुला चालवलं कोणी, हे कोणाला दिसलं नव्हतं का? तुझ्या काकानं, त्याच, ज्यानं परवा मला अडवलं, त्यानं तुला मोहाच्या झाडाला बांधून बदडलं. मास्तर दमला तिथून त्यानं सुरू केलं. तुझी आई त्याच्या पायावर पडत होती आणि तो तिला लाथेनं बाजूला सारत होता. सांजच्याले देवाला कोंबडं कापलं, दारू पाजली, आणि प्रकरण मिटलं. डिप्टीसाहेब वाटेतूनच परत गेले. मास्तराची बदली झाली, त्याला हवी होती तीच. तुझं नाव कापलं. मारकुटी आहे, असं कारण दिलं. मारकुटी! गायीला म्हणतात तसं.

नवा मास्तर दमेकरी होता. त्याच्यात मारायची ताकदच नव्हती, तेवढंच त्याचं चांगुलपण. पण ताकद असती तरी त्या शाळेत पोरीवर हात टाकायची कोणाची छाती झाली नसती, एवढा तुझा बोभाटा झाला होता. तशी मी चौथी पास झाले. मग ब्रह्मपुरी, मग सातवी, मग ही नोकरी. प्रत्येक पायरीवर कोणीतरी मला बाहेर बस म्हणालं आणि प्रत्येक वेळी मला तुझे ते दोन हात दिसले. हे तुला तोंडावर कधी बोलले नाही. बोलले असते तर तू म्हणाली असतीस, "पाटी तुही होती, भरून दे म्हटलं असतंस मले." तशीच होतीस तू.

तुझं लग्न झालं. नवरा दारू पिऊन कुटायचा. एक दिवस तू त्याला उलट कुटलंस आणि आईकडं निघून आलीस. आणि मग तू जे केलंस ते मला गेल्या हिवाळ्यात कळलं, तुला भेटायला आले तेव्हा. कुरमाघराच्या आत, कुडाला माती लिंपून तू कोळशानं बाराखडी काढली होतीस. गावातल्या पोरी, सुना, ज्यांची ज्यांची पाळी असेल त्या तिथं येऊन बसायच्या आणि तू त्यांना शिकवायचीस. तुझी स्वतःची वेळ असो नसो, तू तिथं. घरी खोटं सांगायचीस की पाळी परत आली. गाव म्हणायचं, सोमारीले काहीतरी रोग हाय, महिनाभर बसलेलीच असते. तू हे सांगताना पोट धरून हसत होतीस.

मी नाही हसले. मी म्हणाले, "सोमे, हे मोडून टाक. पावसात वरून पाणी, खाली इंगळ्या. तुम्हाला जनावरासारखं गावाबाहेर बांधतात आणि तू त्याला शाळा म्हणतेस?"

"मंग कुठी शिकवू? तुह्या शाळेत? तिथी मास्तर येते, काका येते, नवरा येते. इथी कोणी येते का?"

"हे भिऊन राहणं झालं."

"हाव, भ्यायलेच ते. मले नाई, विटाळाले. भिऊ दे ना!"

"माह्या हातचं पाणी फक्त इथंच पितेस तू. बाहेर नाही. म्हणून जाळायचं आहे मला."

तू कोळशाचे हात पदराला पुसलेस. मग म्हणालीस, "पुढच्या खेपेले ये, मंग सांगतो." तुझं काय उत्तर होतं, सोमे? काय सांगणार होतीस? आता मी कोणाला विचारू?

पुढचं तुझ्या आईनं सांगितलं. भर दुपारी तू तणसात हात घातलास आणि मण्यारीनं डंख केला. आत बसलेल्या पोरींनी आरडाओरडा केला. माणसं धावत आली आणि लांब उभी राहिली. तू दाराशी येऊन ओरडत होतीस, "मी बाटली नाई! माही वेळ नाई! मी शिकवाले आली होतो, उचला मले!" कोणी विश्वास ठेवला नाही. महिनाभर बसलेलीच असते ती, हे गावाला पाठ होतं. बैल जुंपलेली गाडी समोर उभी होती. गाडी बाटेल म्हणून कोणी दिली नाही. तुझ्या आईनं, म्हातारीनं, तुला खांद्यावर घेतलं आणि दवाखान्याच्या वाटेला लागली. नाल्यापर्यंत पोचली. "मी त तिले इचारलं बी नाई वो, बाटली का नाई बाटली," ती मला म्हणाली. "पोट्टी मरून राह्यली होती."

म्हणून मी गेले जाळायला. तुला मातीत टाकून माणसं पांगली आणि मी सरळ कुरमाघराकडं गेले. चुलीतलं जळतं लाकूड मागायला कोणाच्या दारात उभी राहिले असते? काडेपेटी माझ्याजवळ होती. मी गवताला लावणार तेवढ्यात तुझ्या आईनं मागून येऊन माझा हात पिरगाळला. म्हातारीच्या हातात काय जोर आहे गं! मी ओरडले, "याच्यानंच मेली ती! गाडी नाही दिली यांनी! जाळू द्या मला!"

"जाळ," ती म्हणाली. "मीच जाळतो, दे इकडं. पण मले सांग, पोरी बसतीन कुठी?"

"शाळेत बसतील."

"कोणत्या शाळेत? तिले केसाले धरून नेलं त्या?"

तिच्या मागं तुझी धाकटी बहीण उभी होती, बुधनी, नाक पुसत.

"तुह्या शाळेत मारतेत का?" म्हातारीनं विचारलं.

"मी नाही मारत."

"पाहतो," ती म्हणाली आणि माझा हात सोडला.

ते कुरमाघर अजून उभं आहे, सोमे. जाळलं मी नाही, तिनं नाही. त्याचं काय करायचं हे मला अजूनही कळत नाही, आणि तुझं उत्तर तू घेऊन गेलीस.

पण वडशाच्या बाजाराच्या दिवशी तुझी आई माझ्या शाळेत आली. बुधनीला हाताशी धरून, डोक्यावर बाजाराची रिकामी टोपली. हेडमास्तर म्हणाले, काय पाहिजे? ती म्हणाली, काई नाई. वर्गात शिरली, पहिल्याच ओळीत बुधनीला बसवलं आणि स्वतः भिंतीपाशी उकिडवी बसली. दिवसभर हलली नाही. तिला अक्षर वाचता येत नाही, फळ्याकडं तिनं पाहिलंही नाही. ती माझ्या हातांकडं बघत होती. दुपारनंतर एक पोरगी तोच शब्द पुन्हा पुन्हा चुकली. माझा स्वभाव तुला माहीत आहे, माझा हात तिच्या कानाकडं गेला. तुझ्या आईनं मान वर केली. मी हात खाली घेतला, पोरीजवळ खाली बसले आणि तिला तो शब्द परत लिहायला लावला.

शाळा सुटल्यावर मी बुधनीला म्हटलं, "भूक लागली असेल, चल, घरी भात आहे." हे मी तुझ्या आईदेखत म्हटलं. माझ्या घरी, माझ्या हातचा भात. म्हातारीनं टोपली डोक्यावर ठेवली.

"जेवू घाल," ती म्हणाली. "पण ऐकून ठेव. हिच्या आंगाले कोणी हात लावला, त मी इळा घेऊन येईन. तू असली तरी."

आणि पोरीला माझ्याजवळ ठेवून ती एकटी गावाकडं चालू लागली.